पालथा घालायचा राहिलेला कागद

पहिलं ताट पट्ट्याचं होतं. ठाकुरवाडीच्या बाजूच्या एका वाडीवरची बाई तो पट्टा पिशवीत गुंडाळून घेऊन आली. ताईंनी माती पोळीसारखी लाटून टेबलावर पसरली होती. त्या म्हणाल्या, तुम्हाला जसा बसला तसा मारा. बाई आधी तोंडाला पदर लावून हसली. मग तिनं पट्टा दुहेरी केला, एक पाय मागे घेतला आणि असा ओढला की टेबलावरची पाण्याची वाटी उडून खाली पडली. तीनदा मारलं. चौथ्यांदा हात वर गेला तो तिथंच थांबला.

"बास," ती म्हणाली. "एवडंच बसायचं. मंग त्याला दम लागायचा."

त्या ताटात बक्कल इतकं साफ उमटलंय की त्याची जीभसुद्धा दिसते.

ताई चित्रकार आहेत. मातीचं काम करतात आणि छपाईचंही. खालापूरच्या पुढं, गावाच्या कडेला, एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये त्यांची भट्टी आणि टेबलं आहेत. पावसाळी हवेत अजूनही तिथं कोंबड्यांचा वास येतो. ताईंनी ठरवलं होतं, आसपासच्या बायकांना ज्या वस्तूनं मार बसला ती वस्तू मातीच्या ताटात उमटवायची, ताट भाजायचं आणि प्रत्येक ताटामागं भिंतीवर एक छाप लावायचा. नाव नाही, गाव नाही, तोंड नाही. वस्तू ज्याची त्याला परत. शेवटी सगळी ताटं गावाच्या समाजमंदिरात पंगतीसारखी मांडायची, म्हणजे गाव येऊन पंगतीपुढं उभं राहील आणि कुणाला जेवता येणार नाही.

मी तिथं माती मळायला होते आणि नंतर नंतर लिनोवर, छपाईच्या रबरासारख्या मऊ तुकड्यावर, कोरायलाही बसू लागले. माझं गाव हिंगोलीकडं, इथून रात्रभराच्या वाटेवर. शाळा सहावीपर्यंत. सातवीला शेजारच्या गावी जावं लागायचं, तेवढं घरच्यांनी जाऊ दिलं नाही. नवरा कर्जतकडच्या एका रिसॉर्टवर पेव्हर ब्लॉक बसवायच्या कामावर आला, त्याच्या मागं मी आले. ब्लॉक ठोकायला रबरी हातोडी असते. तिनं ब्लॉक बसतो, फुटत नाही. नवऱ्याला ते माहीत होतं, मलाही माहीत झालं. एका दुपारी माझ्या डाव्या कानातून रक्त यायला लागलं ते थांबेना, तेव्हा मी जुन्या हायवेला येऊन चालायला लागले. कुठं, ते ठरवलं नव्हतं. एक टेंपो थांबला. चालवणारा दादा म्हणाला, बस बाय. मागं मातीची पोती होती. त्यानं काही विचारलं नाही, गळ्यातला पंचा काढून दिला, आणि पोती जिथं उतरवायची होती तिथंच मलाही उतरवलं. म्हणून मी ताईंकडं आहे. चार वर्षं झाली. अजूनही शेडबाहेर मोटरसायकल थांबली की मी आधी मागचं दार बघते.

हे सगळं आधी सांगावं लागतंय, कारण पुढं जे झालं ते मी त्याच दादाला केलं.

फुंकणी आणली ती काकी आमच्या शेडपासून चार घरं सोडून राहणारी. चुलीची लोखंडी फुंकणी, एका बाजूचं तोंड चेपलेलं. काकीचा नवरा खोपोलीच्या बाजूला कंपनीत फिटर, भजनाला बसणारा, रस्त्यात कुणाशी वर मान करून बोलायचा नाही. काकीनं मातीवर फुंकणी मारली नाही. नुसती ठेवली आणि वरून दोन्ही हातांनी दाबली, रेटून, जसा जनावराचा गळा दाबावा तशी, खालचं टेबल लागेपर्यंत. मग मला म्हणाली, ताटाला भोक पडलं का गं? मी म्हणलं, नाही काकी, थोडक्यात राहिलं.

त्या ताटाचा छाप ताईंनी मला दिला. चित्र त्यांनी काढलं होतं: माणूस पाठमोरा, अंगात बनियन, मुंडकं कागदाच्या वर गेलेलं, उजवा हात उगारलेला आणि त्यात फुंकणी. ते चित्र पातळ कागदावर असतं. छाप उलटा येतो, म्हणून कागद लिनोवर पालथा घालून घासायचा, चित्र उलटं उतरवायचं आणि मग कोरायचं. हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. त्या दिवशी मी कागद पालथा घातला नाही. दुसरं काही कारण नाही. कोरत होते आणि हातोडी आठवत होती. बनियनच्या सुरकुत्या इतक्या जोरात कोरल्या की दोनदा कोरणी बोटात गेली.

पहिला छाप कागदावरून उचलला तेव्हाच दिसलं. हात डावीकडं गेला होता. मी तो कागद धरून तशीच उभी राहिले. पलीकडं ताई भट्टी उघडत होत्या, आणि त्यांच्या नशिबी आत तीन ताटं फुटलेली. ओली राहिली होती, तापल्यावर पाण्याची वाफ झाली आणि ताटांच्या चिंधड्या उडाल्या. पट्ट्याच्या ताटाला बाजूच्या ताटाचा तुकडा येऊन चिकटला होता. ताईंचे डोळे लाल होते. त्यांनी लांबूनच विचारलं, बरा आलाय का? मी म्हणलं, बरा आलाय. लिनोचा तो शेवटचा तुकडा होता. आणि शाळेत आमच्याकडं चुकलं की हात पुढं करायला लावायचे, पट्टी बोटांच्या पेरांवर बसायची. त्या वेळपासून मला एकच येतं, बाई बघायच्या आत पाटी पुसायची. इथं पुसता येत नव्हतं, म्हणून गप्प बसले. मनाला म्हणलं, हात तो हात, डावा काय नि उजवा काय.

समाजमंदिरात लोक आले. बायका नवीन साड्या नेसून आल्या आणि आपल्या ताटापुढून अनोळखी असल्यासारख्या गेल्या. पुरुष पाठीमागं हात बांधून फिरत होते. फुंकणीच्या ताटापुढं काकीचा नवरा थांबला. मी त्याच्या मागंच पाण्याचा पिंप भरत होते. चेपलेलं तोंड मातीत जसंच्या तसं होतं. त्याचा कान लाल होत गेलेला मी पाहिला. मग त्यानं मान वर करून भिंतीवरचा छाप पाहिला. बराच वेळ पाहिला, आणि त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

"हा तर डावरा हाय," तो शेजारच्यांना म्हणाला, नेहमीपेक्षा मोठ्यानं. "आपल्यात डावरा कोन हाय रं?"

चार-पाच जण हसले. गावात डावखुरा एकच, टेंपोवाला दादा. कबड्डीत डाव्या हातानं पकड करायचा म्हणून लहानपणापासून चिडवलेला. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी जाऊन दोन महिने झाले होते, तेही गावाला माहीत होतं. कुणी तरी म्हणालं, तरीच वहिनी येत नाय. कुणी तरी मोबाईल काढून छापाचा फोटो घेतला आणि पुढं पाठवला.

मला तेव्हाच बोलता आलं असतं. एक वाक्य होतं. मी पिंपावर झाकण ठेवलं आणि मागं कप धुवायला गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा शिळफाट्याहून मातीची पोती घेऊन आला. टेंपोचा मागचा फाळका खाली टाकून तो पोती ओढत होता, मी खाली उभी राहून घेत होते. एका मोटरसायकलवर दोघं आले. त्याचे मेव्हणे. मी मागच्या दाराकडं पाहिलं, सवयीनं. दादानं हसून या म्हणलं. थोरल्यानं हातातलं हेल्मेट त्याच्या तोंडावर घातलं. दादा पोत्यावर बसला तसा धाकट्यानं त्याला कॉलरला धरून खाली खेचलं. पोतं फुटलं. दादाला काय चाललंय तेच कळत नव्हतं, तो सारखा विचारत होता, बाळ बरं हाय ना, तिला काय झालं का. त्याला वाटलं तिकडं काही तरी वाईट झालं असणार. ते ऐकून थोरला जास्तच पेटला. त्यानं दादाचा डावा हात टेंपोच्या कडेवर धरला, धाकट्याला म्हणाला, उचल, आणि धाकट्यानं लोखंडी फाळका उचलून त्या हातावर आपटला.

"ह्याच हातानं ना?" थोरला म्हणाला. "ह्याच ना?"

पुन्हा आपटला. पहिल्या वेळी लोखंडाचा आवाज आला होता. दुसऱ्या वेळी वेगळा आला.

ताई चिखलाच्या हातांनी धावत आल्या. त्यांनी फाळका धरला, त्यांनाही ढकललं. त्या ओरडून सांगत होत्या की तो छाप याचा नाही. थोरल्यानं विचारलं, मग कुणाचा, नाव सांगा. ताईंनी काकीला शब्द दिला होता, नाव घ्यायचं नाही. त्या गप्प राहिल्या आणि त्या दोघांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. जाताना थोरला म्हणाला, आता बहीण इकडं पाठवत नाय, पोरालाही बाप दिसणार नाय.

मी अजून पोतं धरून उभी होते. दादा जमिनीवर बसून हात मांडीवर घेऊन होता, बोटं भलतीकडं वळलेली. माझ्याकडं बघून म्हणाला, बाय, माती सांडली, भरून घे.

खोपोलीला दवाखान्यात नेलं, कोपरापर्यंत प्लास्टर बसलं. संध्याकाळी ताई रोलर धूत होत्या तेव्हा मी लिनोचा ठोकळा आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि सांगितलं. कागद पालथा घातला नव्हता, पहिल्या छापालाच कळलं होतं, समाजमंदिरातही ऐकलं होतं. सगळं सांगितलं. ताईंनी ठोकळा उचलला, बेसिनवरच्या आरशापुढं धरला. आरशात तो भिंतीवरच्यासारखा दिसला, हात डावा. हातात होता तसा पाहिला तर हात उजवा. त्या बराच वेळ एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होत्या. मी दारापाशी सरकले होते.

"मला खूप राग आलाय," त्या म्हणाल्या. "पण मी हात उगारणार नाही. इतकी लांब जाऊ नकोस."

मला त्या वेळी रडू आलं ते दादासाठी आलं असं म्हणायला बरं वाटतं. पण नाही. इथून काढणार नाहीत एवढंच कळलं म्हणून आलं.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीच्या माहेरी गेले, कर्जतच्या अलीकडं. ताई येते म्हणाल्या, मी नको म्हणलं. त्या आल्या असत्या तर मी त्यांच्या मागं उभी राहिले असते. पिशवीत ठोकळा, शाईची ट्यूब, रोलर, कागद आणि घासायला लाकडी चमचा. वहिनीचे वडील गावचे पोलीस पाटील, ओटीवर बसलेले. मी कोण ते सांगितल्यावर थोरला आतून आला. मी ठोकळा काढला तर त्यानं तो माझ्या हातातून ओढून अंगणात फेकला. मी जाऊन घेऊन आले. त्यानं पुन्हा फेकला. मी पुन्हा घेऊन आले. तिसऱ्या वेळी म्हातारे म्हणाले, बघू तरी काय म्हणते.

मी ओटीवरच शाई लावली, कागद ठेवला, चमच्यानं घासून उचलला. ठोकळ्यावर उजवा, कागदावर डावा. म्हणलं, चित्र उजव्या हाताचं होतं, चूक माझी आहे, दादाचा याच्याशी काही संबंध नाही.

"हे जादूचे खेळ कोनाला दाखवतेस?" धाकटा म्हणाला.

तेवढ्यात वहिनी आतल्या दारात आली. बाळ खांद्यावर, कपाळाला फडकं बांधलेलं. तिनं कुणाकडं पाहिलं नाही, सरळ कोनाड्यातून वडिलांचा रबरी शिक्का आणि पॅड घेतलं आणि माझ्याच कागदाच्या कोपऱ्यावर शिक्का उमटवला. मग शिक्का उलटा करून बापाच्या डोळ्यापुढं धरला.

"बाबा, आदी ह्याच्यावरचं वाचा. मंग कागदावरचं."

रबरावर सगळी अक्षरं उलटी असतात. म्हाताऱ्यांनी आयुष्यभर तो शिक्का दाखल्यांवर मारला होता. त्यांनी शिक्का पाहिला, ठोकळा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. वहिनी मग भावांकडं वळली.

"मारायच्या आदी मला इचारलंत का कोनी? मी हितंच व्हते, दोन खोल्या पलीकडं. त्यो मानूस रागावला तर चार दिवस बोलत नाय, एवडाच त्याचा गुन्हा. त्याच्यासाटी हात मोडायचा असंल तर पयला माजा मोडा, मी आठ दिवस बोलत नाय."

थोरला उभा राहिला आणि त्यानं धाकट्याच्या थोबाडीत मारली. फोटो तू दाखवलास म्हणून. चूक कळल्यावरही त्याला हाताशिवाय दुसरं काही सुचलं नाही. बाळ दचकून रडायला लागलं. वहिनीनं मला फाटकापर्यंत सोडलं आणि म्हणाली, सव्वा महिना झाला की येते म्हणून सांग त्यांना, आणि प्लास्टर भिजवू नका म्हणावं.

मी नाचत परत आले म्हणलं तरी चालेल. ताईंनी छापाशेजारी ठोकळाच भिंतीवर टांगला. खाली मी माझ्या अक्षरात लिहिलं: हा छाप उलटा आला आहे, हात उजवा आहे, चूक कोरणारीची. समाजमंदिरात पुन्हा गर्दी झाली. दादाही आला, हात गळ्यात अडकवून. लोक त्याला चहा पाजत होते. काकीचा नवरा आला तेव्हा मच्छी विकायला बसणारी म्हातारी पायरीवर होती. तिनं त्याला वर जाऊ दिलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुलाच बरा डावा हात दिसला रं. आमी तर निस्ती फुंकणी बगत व्हतो."

लोक हसले. हसायचे थांबले तेव्हा सगळे त्याच्याकडं बघत होते. तोही हसला, चपला घातल्या आणि घरी गेला.

मी त्याला जाताना पाहिलं. आणि तो घरी जाऊन काय करेल हे माझ्या मनातही आलं नाही. मी त्या दिवशी इतकी खूश होते की पंगतीतली ताटं पुसत बसले.

सकाळी शेड उघडला तर काकी पायरीवर बसलेली. एक डोळा पुरता बंद, त्या बाजूचा गाल काळा, ओठ फाटलेला. डावी बाजू. उजव्या हाताचा मार समोरून डाव्या बाजूला बसतो. माझा गेलेला कान डावाच आहे, हे मला शिकवायला नको होतं. आणि गावालाही छाप, ठोकळा काही लागत नव्हतं, कुणी एकदा काकीचं तोंड पाहिलं असतं तर पुरे होतं. तिच्या मांडीवर फुंकणी होती.

"ह्या टायमाला हातानंच मारलं," ती म्हणाली. "ही मी पिठाच्या डब्यात लपवली व्हती."

मी खाली बसले. म्हणलं, काकी, माझ्यामुळं झालं, मी हात उजवा आहे असं लिहून लावलं म्हणून. तिनं चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं.

"तुज्यामुळं कसं गं? तो लग्नापासून मारतोय. तू काल-परवा आलीस."

मग म्हणाली, मला खालापूरला जायचंय, तक्रार लिहायला, तिथनं बहिणीकडं. एसटीनं जात नाय, हे तोंड घेऊन स्टँडवर उभी राहत नाय.

ताईंची गाडी दुरुस्तीला होती. मी दादाला बोलावलं. तो टेंपो घेऊन आला नाही, चालत आला, आणि प्लास्टर दाखवून म्हणाला, चाक फिरवीन एका हातानं, पाय शाबूत हायेत, पन गियर डाव्या हाताचा. मग त्यानं काकीकडं पाहिलं. त्याच्या तोंडावरचे हेल्मेटचे वळ अजून पिवळे होते. ती दोघं एकमेकांकडं बघत राहिली, एक डोळा आणि एक हात. काकी म्हणाली, भाऊ, तुमी माज्यापायी मार खाल्लात. तो म्हणाला, बस वर.

खिडकीशी काकी, मधे मी, उजवीकडं दादा. गियरचा दांडा माझ्या उजव्या गुडघ्यापाशी. मी आयुष्यात कधी चालवलं नव्हतं. दादा म्हणाला, मी पाय दाबला की सांगीन, तेव्हाच हलवायचं, आधी नाही, नंतर नाही. रस्त्याला लागेपर्यंत दोनदा खर्र झालं, दोनदा गाडी बंद पडली. काकीच्या दारावरून जावं लागत होतं, दुसरा रस्ता नाही. तिचा नवरा पायरीवर उभा होता. टेंपो बघून तो खाली उतरला आणि सरळ रस्त्याच्या मधोमध आला.

मी मागचं दार शोधत होते. टेंपोला मागचं दार नसतं. काकी डावीकडून काही तरी बोलली, त्या कानानं मला ऐकू आलं नाही. मी वळून पाहिलं तर तिनं फुंकणी खिडकीबाहेर काढून धरली होती, चेपलेलं तोंड पुढं.

"दुसरा," दादा म्हणाला. "बाय, दुसरा. जोरात वड."

मी दोन्ही हातांनी दांडा मागं ओढला. तो बसला. काकीचा नवरा शेवटच्या क्षणाला बाजूला झाला, त्याची चप्पल रस्त्यावरच राहिली.